तुटक्या स्टिकचं कौतुक पुरे

गेल्या 29 ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनाला, आमच्या चिखल्याजवळच्या एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. ध्यानचंदांच्या फोटोला हार घालून झाला, नारळ फुटला आणि माझ्या हातात माईक आला. मी खेळाडू नाही. मॅंगनीजच्या खाणीत टाइम ऑफिसात हजेरी लिहिण्यात माझी नोकरी गेली. पण हॉकीचं वेड जुनं, म्हणून दरवर्षी सांगतो तीच गोष्ट मी यंदाही सांगितली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत एक मुलगा होता. वडील मैदानाची निगा राखायचे. घरात पाच भाऊ, नव्या स्टिकला पैसे कुठले? मोठ्यांनी टाकून दिलेल्या तुटक्या स्टिका दोरीनं बांधून ही पोरं खेळायची. त्यातलाच एक पुढे भारताचा कर्णधार झाला. त्याचं नाव धनराज पिल्ले. तेव्हा मुलांनो, परिस्थितीचं रडगाणं गाऊ नका, जिद्द धरा.

टाळ्या पडल्या. पोहे-चहा झाला. निघताना आठवीतली एक पोरगी चपला घालता घालता माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, त्याले नवी स्टिक कोणीच काऊन नाही देल्ली?"

मी हसलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीवर बसलो. उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. हा लेख त्या उत्तरासाठी आहे. आणि ज्या भाषणाला मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, त्या भाषणाच्या विरोधात आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : तुटक्या स्टिकची गोष्ट खेळाडूचा गौरव करत नाही. ती आपल्याला मोकळं करते. ज्यांनी स्टिक द्यायची, मैदान राखायचं, हिशेब ठेवायचा, मानधन द्यायचं, त्या सगळ्यांना या गोष्टीत कामच उरत नाही. पोरानं दोरी बांधली, पोरगं मोठं झालं, गोष्ट संपली. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या.

आता कोणी म्हणेल, मग काय तुलना करायची ती कोणाशी? करतो. माझा पुतण्या कंपनीच्या कामानं चेक देशात ब्र्नो शहरात दीड वर्ष राहून आला. येताना त्यानं माझ्यासाठी एक जर्सी आणली, पाठीवर 68 आकडा. आइस हॉकीची. मला वाटलं, बर्फावर घसरत खेळायच्या या खेळाशी आपलं काय घेणंदेणं? पण ज्याच्या पाठीवर हा आकडा असतो, त्या यारोमिर यागरची कारकीर्द मी वाचत गेलो आणि धनराजची कारकीर्द मला नव्यानं दिसायला लागली. दोघंही आघाडीचे खेळाडू. दोघंही वेगाचे. धनराजचा जन्म 1968 चा, यागरचा 1972 चा. दोघांचंही गाव कारखान्याचं.

यागर क्लाडनोचा. प्रागपासून जवळ असलेलं हे कोळशाचं आणि पोलादाचं गाव. आमच्या चिखल्याच्या माणसाला असं गाव समजावून सांगावं लागत नाही. इथे सातपुड्याच्या पायथ्याशी मॉयलची भूमिगत खाण आहे, तुमसर-तिरोडी रेल्वेमार्ग गोबरवाहीवरून जातो, आणि आमच्या मॅंगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. क्लाडनोत पोलाद होतं तसाच बर्फाचा आखाडाही होता. तिथल्या हॉकी क्लबच्या नावातच पोलाद कारखान्याचं नाव होतं, आणि 1975 ते 1980 या काळात त्या क्लबनं पाच वेळा चेकोस्लोव्हाकियाचं अजिंक्यपद जिंकलं. म्हणजे यागर लहान होता तेव्हा गावात आखाडा होता, क्लब होता, प्रशिक्षक होते आणि समोर देशातले उत्तम खेळाडू खेळत होते. त्याची जिद्द कमी नव्हती. पण जिद्दीला पाय टेकवायला जागा होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ती राजवट काही चांगली नव्हती. यागरच्या आजोबांनी तिचा तुरुंगवास भोगला. ते 1968 मध्ये वारले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये परदेशी रणगाडे देशात घुसले. पाठीवरचा 68 हा आकडा त्याची आठवण आहे. 1989 पूर्वी तिथल्या हॉकीपटूला अमेरिकेत खेळायचं तर बहुतेकदा देश सोडून पळावं लागायचं. राजवट कोसळल्यावर 1990 मध्ये पिट्सबर्गच्या संघानं यागरला निवडलं, तेव्हा तो उघड दारानं गेला. तेव्हा कोणी माझ्या तोंडी साम्यवादाची आरती घालू नये. मी आखाड्याबद्दल बोलतोय. जुलमी सरकारलाही जो बांधता आला, तो आपल्याला का बांधता आला नाही, एवढंच विचारतोय.

पुढचे आकडे बघा. उत्तर अमेरिकेच्या त्या लीगमध्ये यागर 1,733 साखळी सामने खेळला. गोल 766. दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत 1,155. एकूण गुण 1,921. यातला प्रत्येक गोल कोणत्या दिवशी, कोणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला झाला, हे आजही कोणालाही काढून बघता येतं.

आता धनराजचे आकडे. पदार्पण 1989. चार ऑलिंपिक : 1992, 1996, 2000, 2004. चार विश्वचषक : 1990, 1994, 1998, 2002. चार आशियाई स्पर्धा : 1990, 1994, 1998, 2002. आंतरराष्ट्रीय सामने 339. आणि गोल?

गोलांचा अधिकृत आकडा नाही. एकशेसत्तरच्या आसपास, असं म्हणतात. म्हणतात! ज्या देशानं हॉकीत आठ ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली, त्या देशाच्या हॉकी महासंघानं आपल्या सर्वांत मोठ्या आघाडीपटूचे गोल मोजून ठेवले नाहीत. खेळाडू स्वतः सांगेल तो आकडा आणि बाहेरच्या एखाद्या आकडेवेड्या माणसानं वहीत टिपलेला आकडा, यावर आपण भागवतो.

मी हजेरी लिहिणारा माणूस. मला हे क्षुल्लक वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो. भूमिगत खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद होते. किती उतरले, किती वर आले. पाळी सुटल्यावर एक माणूस जरी कमी भरला, तरी टाइम ऑफिसातला कारकून घरी जाऊ शकत नाही. त्या वहीतला एक आकडा म्हणजे कोणाचा तरी बाप असतो. माझे वडील खाली काम करायचे, तेव्हा आई त्या वहीच्या भरवशावर भाकरी थापायची. मोजणं म्हणजे माणसाची दखल घेणं. ज्याला आपण मोजत नाही, तो खाली राहिला तरी आपल्याला कळत नाही. धनराजचे गोल मोजले नाहीत, याचा अर्थ एवढाच की तो उतरला कधी आणि वर आला कधी, याची काळजी वाहणारं कार्यालयच नव्हतं.

काळजी नव्हती याचा पुरावा 1998 मध्ये मिळाला. त्या एका वर्षात या दोघांच्याही गळ्यात सुवर्णपदक पडलं. फेब्रुवारीत नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये यागरच्या चेक संघानं अंतिम सामन्यात रशियाला 1-0 असं हरवलं. संघ परतला तेव्हा प्रागच्या जुन्या चौकात माणूस मावत नव्हता. डिसेंबरात बॅंकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या नेतृत्वाखाली भारतानं दक्षिण कोरियाला टायब्रेकरवर हरवलं. गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला. आशियाई स्पर्धेतलं हॉकीचं सुवर्ण भारताला 1966 नंतर, तब्बल 32 वर्षांनी मिळालं.

आणि मग काय झालं? पुढच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात कर्णधार धनराज नव्हता. आशिष बल्लाळ नव्हता. सुवर्ण जिंकलेले आणखीही काही प्रमुख खेळाडू नव्हते. प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही जावं लागलं. महासंघ म्हणाला, विश्रांती दिली आहे. धनराजचं म्हणणं वेगळं होतं : आम्ही मानधनाचा प्रश्न काढला, त्याची ही शिक्षा. वाचकांनी कोणाचं खरं मानायचं ते ठरवावं. मी फक्त एवढंच विचारतो, 32 वर्षांनी सुवर्ण आणणाऱ्या संघाला एकाच वेळी एवढी विश्रांती लागते, असं जगात दुसरीकडे कुठे ऐकलंय का?

त्या काळात आपण मराठी वाचक काय वाचत होतो? धनराज तापट आहे. धनराजचं तोंड फटकळ आहे. धनराजला अधिकाऱ्यांशी जमवून घेता येत नाही. मीही हेच म्हणायचो, पानठेल्यावर उभा राहून, मोठ्या जाणतेपणानं. पोरानं तुटकी स्टिक बांधली तेव्हा तो गुणी होता. मोठा झाल्यावर त्यानं माझे पैसे किती, असं विचारलं, तेव्हा तो उद्धट झाला. गरिबी सोसणारा खेळाडू आपल्याला आवडतो. गरिबीचा हिशेब मागणारा आवडत नाही. यागरनं आपल्या कारकिर्दीत करारावर वाटाघाटी केल्या, संघ बदलले, मध्ये तीन हंगाम रशियातल्या ओम्स्कच्या संघाकडून खेळला. त्याला त्याच्या देशात कोणी म्हटलं नाही की आजोबांच्या तुरुंगवासाची आठवण ठेव आणि मिळेल ते घे. धनराजचं चरित्र निघालं, त्याचं नाव 'फर्गिव्ह मी अम्मा'. क्षमा मागणारा कोण, तर खेळाडू, आईची. ज्यांनी त्याची क्षमा मागायला हवी होती, त्यांचं पुस्तक अजून निघायचं आहे.

आता आक्षेप. मला ठाऊक असलेले तीन.

पहिला, भुकेतूनच खेळाडू घडतो, सोयी दिल्या की पोरं मऊ होतात. हा आक्षेप नेहमी पोटभर जेवलेला माणूस घेतो. आपण धनराजला बघतो, कारण तो पोहोचला. खडकीत त्याच दोरीनं स्टिका बांधणारी आणखी किती पोरं होती? धनराजच्या घरीच पाच भाऊ होते. थोरला रमेश मुंबईत खेळत होता, म्हणून धनराजला मुंबईत पाय ठेवायला घर मिळालं, पुढे कंपनीच्या संघांत नोकरीची वाट दिसली. तो भाऊ नसता तर? म्हणजे या गोष्टीतसुद्धा जिद्दीसोबत एक भाऊ आहे, एक वसाहत आहे, कारखान्याचं मैदान आहे, नोकरी देणारे संघ आहेत. आपण भाषणात ते सगळं गाळतो आणि दोरी तेवढी ठेवतो.

दुसरा आक्षेप, क्रिकेटनं हॉकी खाल्ली. ओडिशाकडे बघा. 2018 पासून त्या राज्यानं भारताच्या हॉकी संघांचं प्रायोजकत्व घेतलं. टोकियोत पुरुष संघानं 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं आणि 2024 मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा कांस्य घेतलं. त्या राज्यातला सुंदरगड जिल्हा आमच्यासारखाच, खनिजांचा आणि आदिवासींचा. दिलीप तिर्की तिथला. तिथल्या राउरकेलात 2023 च्या विश्वचषकासाठी भलंमोठं स्टेडियम उभं राहिलं. क्रिकेट ओडिशातही दिसतंच ना? आयपीएल तिथेही रात्री साडेसातलाच लागते. मग तिथे जमलं ते काय मंत्रानं?

तिसरा आक्षेप जरा खरा आहे. आइस हॉकीच्या श्रीमंत लीगशी भारतातल्या मैदानी हॉकीची तुलना कशी करता? पैशाची तुलना नाहीच करत. यागरच्या कमाईचा एक आकडा मी या लेखात दिलेला नाही. मी जे मागतोय त्याला डॉलर लागत नाहीत. गोल लिहून ठेवायला एक वही लागते. जिंकलेल्या कर्णधाराला संघातून काढताना खरं कारण सांगायला काय लागतं? काहीच नाही, जिभेशिवाय.

आणि कोणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, तो महासंघही 2008 मध्ये बरखास्त झाला. खरं आहे. त्याच वर्षी भारत पहिल्यांदा ऑलिंपिकच्या हॉकीला मुकला. पण नव्या कारभारातलं 2011 सालही आठवा. चीनमधल्या ओर्डोसला आशियाई चॅंपियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारतानं पाकिस्तानला टायब्रेकरवर हरवलं. निर्णायक गोल आपल्या मुंबईच्या युवराज वाल्मीकीचा. मरीन लाइन्सजवळच्या एका खोपट्यात, वीज नसलेल्या घरात वाढलेला हा मुलगा. संघ परतल्यावर प्रत्येक खेळाडूला बक्षीस जाहीर झालं 25,000 रुपये. खेळाडूंनी ते नाकारलं. मग सरकारं जागी झाली, बक्षिसांचे आकडे वाढले. आणि वर्तमानपत्रांनी काय छापलं? वीज नसलेलं घर. पुन्हा तीच दोरी, पुन्हा तीच टाळी. पंचवीस हजारांची बातमी दोन दिवसांत शिळी झाली, खोपट्याची अजून पुरते.

या सगळ्यात आपण मराठी माणसांचा वाटा वेगळा सांगायला हवा. धनराजच्या घरी तमिळ बोलत, वाल्मीकी कुटुंब मूळचं उत्तरेतलं. पदक आलं की हे दोघं मराठी मातीतले होतात. सत्काराला शाल आपली, श्रीफळ आपलं. मग मैदानाच्या वेळी आपण कुठे असतो? भंडारा जिल्ह्यातून, चिखल्यातून, सीतासावंगीतून एखादी पोरगी उद्या देशाकडून खेळली, तर तिच्या कमानीची वर्गणी मी स्वतः गोळा करीन, हे मला माहीत आहे. कमानीला वर्गणी मिळते. स्टिकला मिळत नाही, कारण स्टिकला नारळ फोडता येत नाही.

म्हणून त्या आठवीतल्या पोरीचं उत्तर मी आता देतो. बाई, त्याला नवी स्टिक कोणी दिली नाही, कारण द्यायची जबाबदारी आपली आहे असं कोणालाच वाटलं नाही. पुढे तो तुटक्या स्टिकनंही खेळतो हे दिसल्यावर तर ती द्यायची गरजच नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आणि माझ्यासारख्यांनी त्यावर भाषणं केली.

यागरचं शेवटी काय झालं, तेही सांगतो. 2018 च्या सुरुवातीला अमेरिकेतली कारकीर्द संपल्यावर तो क्लाडनोला परतला. तो क्लब तोवर त्याच्याच मालकीचा झाला होता. पन्नाशी उलटल्यावरही तो त्या आखाड्यात, त्याच आकड्याची जर्सी घालून खेळत राहिला. 2024 च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गनं त्याचा 68 आकडा निवृत्त केला, म्हणजे त्या संघात तो आकडा आता दुसरा कोणी घालणार नाही. गावानं आखाडा दिला होता, त्यानं परत येऊन आखाडा सांभाळला. हे देणंघेणं होऊ शकलं, कारण सुरुवातीला कोणीतरी काही दिलं होतं. आपण ज्याला दोरीशिवाय काही दिलं नाही, त्यानं परत येऊन आपल्याला काय द्यावं, अशी आपली अपेक्षा आहे?

मी त्या शाळेत पुन्हा गेलो. जर्सी घेऊन नाही. सहा स्टिका आणि एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन. क्रीडाशिक्षक म्हणाले, सहा स्टिकांनी काय होणार, संघाला अकरा लागतात. बरोबर आहे. सहानं संघ होत नाही, आणि एका निवृत्त कारकुनाच्या खिशातून खेळ उभा राहत नाही. तो पंचायतीनं, जिल्ह्यानं, राज्यानं उभा करायचा असतो, आणि ते मागायला आता मी अर्ज लिहायला बसलोय. पण वही तरी सुरू झाली. पहिल्या पानावर तारीख, खेळायला आलेल्या चौदा जणींची नावं, कोणी किती गोल केले ते. ती पोरगी दोन गोल घेऊन आहे. तिसरा झाला असं ती म्हणत होती, पण बाकीच्या म्हणाल्या चेंडू बाहेरून गेला, म्हणून लिहिला नाही.

पुढच्या 29 ऑगस्टला मला बोलावलं, तर मी दोरीची गोष्ट सांगणार नाही. ही वही वाचून दाखवीन. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावात कोणी माईकवर तुटक्या स्टिकचं कौतुक करायला लागला, तर टाळी वाजवायच्या आधी त्या पोरीचा प्रश्न तेवढा विचारा.